दसऱ्याला नारळ फोडलेला कीबोर्ड

"मास्तर, तुम्ही माले मरेल ढोर इकी दिधं."

रमण आप्पा दुकानात शिरायच्या आधीपासून हे ओरडत होते. शहाद्याच्या बसस्टँडमागे एका शिलाई मशीन दुरुस्तीवाल्याच्या मागच्या खोलीत माझं दुकान आहे. रस्त्यापासून तिथपर्यंत तेरा पावलं लागतात, आणि आप्पांनी तेराही पावलांवर तेच वाक्य टाकलं. शेवटच्या पावलाला पुढच्या खोलीतल्या मशीनचा पट्टा तुटला. माझं म्हणणं, आवाजाने तुटला. शिलाईवाला म्हणतो, जुना होता. त्याला कलेची जाण नाही. तर आधी आप्पांचा आवाज आत आला, मागून त्यांचं पोट आलं, मग खुद्द आप्पा, आणि सगळ्यांच्या मागे, गोधडीत गुंडाळलेला कीबोर्ड लेकरासारखा छातीशी धरून त्यांच्या घरच्या, कमलबाई.

आप्पा म्हसावदचे. केळी, पपई, दोन एकर मिरची, दारात ट्रॅक्टर आणि ओट्यावर झोका. मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्यांनी माझ्याकडून हा जुना कीबोर्ड नेला होता. का नेला, तर समोरच्या घरात आला होता म्हणून. आमच्याकडे निम्मी वाद्यं समोरच्या घरामुळे खपतात.

"अकरा पट्ट्या मरी ग्यात," आप्पा म्हणाले. "मोजी लिध्यात. सुरतना पाव्हणा बसेल व्हता. मी ऐटमा पट्ट्या दाब्यात, तं एक पट्टी बोलस, दुसरी मुकी, तिसरी बोलस, चौथी मुकी. पाव्हणा माले म्हणे, आप्पा, हाई बोबडं पोर कोठून आनं?"

"पाहुणे जाणकार दिसतात," मी म्हणालो.

"मस्करी नको. हाई पेटी ठेवी ल्या. माले हाई घरमा नको. हिना बदलामा तो मोठा स्पीकर द्या, लाइट लुकलुकस तो."

कोपऱ्यात माझ्या पुतण्याने विकायला ठेवलेला एक स्पीकर होता. लाल-निळे दिवे, आवाज असा की शेजारच्याचे दात हलतील. आप्पांची नजर आत येताच त्याच्यावर बसली होती. मी टेबल मोकळं केलं आणि म्हणालो, "ठेवा वहिनी इथे." कमलबाईंनी गोधडी टेबलावर ठेवली, पण हात सोडला नाही. मी गोधडीचं एक टोक ओढलं, त्यांनी दुसरं धरून ठेवलं. मला वाटलं, गोधडी जाईल म्हणून घाबरल्या. इतका मी हुशार.

आता ज्यांनी घरात कधी कीबोर्ड घेतला नाही, अशा सुखी लोकांसाठी धंद्याची गोष्ट सांगून टाकतो.

आमच्या जिल्ह्यात जुना कीबोर्ड येतो तो लग्नाच्या बँडमधून. गाडीवर भोंग्यांची भिंत, मागे जनरेटर, मधे लोखंडी पिंजरा आणि पिंजऱ्यात कीबोर्डवाला. मी सव्वीस वर्षं त्या पिंजऱ्यात काढली. तळोद्याला आम्ही वरातीत वाजवायला लागलो की तापीपलीकडच्या म्हशी दूध आखडायच्या. आता माझ्या डाव्या कानात कायम एक शिट्टी वाजते आणि उजव्यात तिची साथ. त्यामुळे मला एकटं कधी वाटत नाही.

बँडवाल्याचा कीबोर्ड ओळखायला शाळा लागत नाही. उजवीकडची दोन सप्तकं झिजून गुळगुळीत झालेली असतात आणि डावीकडची नवी कोरी, कारण बँडवाल्याला डावा हात देवाने तंबाखू मळायला दिलाय. हंगाम संपला की बँडवाले नवा घेतात, जुना माझ्याकडे टाकतात. तो मी उघडतो, धुतो, पुसतो आणि 'घरगुती वापरातला, एकाच हातचा' म्हणून विकतो. एकाच हातचा हे खरंच आहे. तो हात कसा होता, हे गिऱ्हाईक विचारत नाही.

उघडल्यावर काय निघत नाही? अक्षता, गुलाल, हळद, बडीशेप, पावसाळ्यात बेडकाचं पिल्लू. एकदा मंगळसूत्राची वाटी निघाली, जिच्यावरून नवापूरकडच्या दोन घरांत सात वर्षं बोलणं बंद होतं. मी वाटी परत केली, आणि आठवडाभरात ती दोन घरं दुसऱ्याच कारणावरून भांडली. वाटी सापडली नसती तर निदान शांतता तरी राहिली असती.

जुना घेताना काय बघायचं, ते फुकट सांगतो. प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबायची, सगळ्या एकसष्ट. लोक मधल्या चार दाबतात आणि मान डोलवतात. घोडं घेतानाही ते शेपूटच बघत असतील. मग आवाजाचं बटण फिरवायचं. खरखरलं तर आत धूळ. मग उलटा करून सेलचा डबा उघडायचा, कारण सेल फुटून त्याचं पाणी आत गेलं असेल तर स्प्रिंगा हिरव्या झालेल्या असतात. आणि शेवटी अडॅप्टर. अडॅप्टरच्या पिनीत काही कंपन्या आत अधिकची बाजू ठेवतात, काही उणेची. दिसायला पीन तीच, भोकात बसतेही छान, आणि वेळ खराब असेल तर कीबोर्डमधून अगरबत्तीसारखा धूर निघतो. घरातला कुठलाही अडॅप्टर कुठेही खुपसणं हा आमच्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे. खांडबाऱ्याच्या एका सद्गृहस्थांनी दाढीच्या मशीनचा लावला होता. वर मलाच विचारलं, "वास का बरं येस?"

आणि हे गिऱ्हाईक तरी कसं? कोणी येतो, म्हणतो, "पोराना मेंदू वाढस म्हनतस." मी म्हणतो, घरात आधी कोणाचा वाढलाय का? कोणी येतो, म्हणतो, "आपोआप वाजाडस असा द्या." त्याला मी नमुन्याच्या गाण्याचं बटण दाखवतो. ते दाबलं की कीबोर्ड स्वतःच वाजतो आणि माणूस वरून नुसती बोटं नाचवतो. हे बटण मी दाखवलं की दहापैकी नऊ गिऱ्हाइकं तिथेच खिशात हात घालतात. घरात नेतात, सोफ्यावर ठेवतात, वर भरतकामाचं कापड टाकतात, कापडावर प्लॅस्टिकची फुलं. वाद्याची इतकी सुंदर समाधी दुसऱ्या कुठल्या देशात बांधत असतील असं वाटत नाही.

आप्पा हे त्या नवांपैकी. पण त्यांच्या बाबतीत माझाही हात होता, ते कबूल करतो. त्यांना विकताना मी जरा रंगात आलो होतो. घेऊ की नको असं त्यांचं चाललं होतं, म्हणून म्हटलं, वस्तू नाजूक आहे हे सांगितलं की माणसाला ती भारी वाटते. "आप्पा," मी सांगितलं, "ही पेटी म्हणजे नागाचा मणी. अडॅप्टर स्वतःच्या हाताने लावायचा, दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. चुकीचा हात पडला की आतला पत्रा जळतो, आणि जळला की जपानहून माणूस आला तरी उठत नाही." जपानचा माणूस कधी कोणासाठी म्हसावदला आला असता, हे आप्पांनी विचारलं नाही. त्या कीबोर्डचा सेलचा डबा गंजलेला होता, म्हणून त्याची तार मी आधीच तोडून टाकली होती. म्हणजे अडॅप्टरशिवाय तो लाकडाची फळी. हेही सांगितलं होतं. थोडं वेगळ्या शब्दांत.

तर आप्पा स्टुलावर बसले, नजर स्पीकरवर. मी कीबोर्ड उलटा केला आणि स्क्रू काढायला लागलो. पाठीला तीसेक स्क्रू असतात. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचा राग निवतो, म्हणून मी ते सावकाश काढतो.

पाठीवर धुळीचा थर होता. फक्त एका बाजूला, मागच्या कडेला, तळहाताएवढा तुकडा चकचकीत होता, जणू तिथे कोणी रोज हात फिरवत होतं. मला कळलं नाही. मांजर बसत असेल, असं मी मनाशी ठरवलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवातून मी पुष्कळदा असे निष्कर्ष काढतो.

"आप्पा, ह्याच्यावर पाणी सांडलं होतं?"

"थेंब नई."

मी पट्ट्या उचलल्या. पट्टीखाली रबराची लांब पट्टी असते, तिच्यात छोट्या टोप्या, आणि टोपीच्या पोटात काळा ठिपका. पट्टी दाबली की ठिपका खालच्या पत्र्यावर टेकतो आणि सूर निघतो. इतकं साधं आहे. मधे काही चिकट बसलं की ठिपका टेकत नाही आणि सूर मुका. उजवीकडच्या अकरा टोप्यांखाली पांढरट, वाळलेला साखरेसारखा थर होता. त्यात एक नारळाची शेंडी. शेंडी मी चिमट्याने उचलून आप्पांसमोर धरली.

आप्पांनी ती जरा वेळ पाहिली. "दसराना दिन पूजा कयी व्हती," ते म्हणाले. "ट्रॅक्टरनी कयी, मोटरनी कयी, पेटीनी पन कयी. पूजा करानी नई का?"

"करायची की. नारळ कुठे फोडला?"

"समोरच फोडा. पानी शिपडं जरासं."

"ट्रॅक्टरवर किती शिंपडलं?"

"तितलंच."

"ट्रॅक्टर वाजतो का अजून?"

आप्पा म्हणाले, देवाच्या पाण्याने काही बिघडत नाही. मी म्हणालो, देवाच्या पाण्यात साखर असते, आणि विजेला देव कळत नाही. कमलबाई पट्ट्यांकडे बघत होत्या, आणि मी एकेक पट्टी बाजूला ठेवली की पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि नारळ पुसू लागलो. पुसता पुसता मधल्या सप्तकावर आलो आणि थांबलो. तिथे पट्ट्यांच्या कडांना लाल रंग होता. वरून कोणी तरी स्वच्छ पुसून घेतलेलं, पण दोन पट्ट्यांच्या फटीत उतरलेला रंग पुसता येत नाही. तो माझ्यासारख्याने उघडल्यावरच दिसतो.

"हे काय?" मी विचारलं.

"कुंकू," आप्पा म्हणाले. "पूजानं."

कुंकूही होतं, नाही असं नाही. वरच्या कडेला बटणांच्या ओळीत गुलाबीसर कुंकू होतं, आप्पांनी शिंपडलेलं. पण हा लाल तो नव्हता. विटेसारखा होता. मी बोटाला लावून वास घेतला आणि सलग अकरा शिंका दिल्या, प्रत्येक मुक्या पट्टीच्या नावाने एक. तरी खात्री व्हावी म्हणून जिभेवर ठेवलं. ते मी करायला नको होतं. माझ्या जिभेने माझा त्याग केला. शिलाईवाल्याचा माठ मी उभ्याने रिकामा केला आणि त्याच्या टेबलावरचा अर्धा ग्लास ताकही घेतलं, जे त्याने दुसऱ्या कोणासाठी ठेवलं होतं.

परत आलो तेव्हा आप्पा हसत होते. कमलबाई हसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

नंदुरबारकडच्या माणसाला मिरची काय असते ते सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर तीन महिने ज्या घरात मिरची येते, त्या घरातली बाई दुपारभर देठ खुडत बसते. तिच्या बोटांना तो रंग आणि ती आग असते, दहा वेळा साबण लावा, जात नाही. त्या बोटांनी कपाळाचा घामही पुसता येत नाही. आणि इथे ती बोटं माझ्या कीबोर्डच्या फटीत उतरली होती.

मी परत बघितलं. सगळ्या पट्ट्यांना मिरची नव्हती. सा ला होती. रे ला होती. ग ला होती. म कोरा. प ला होती, ध ला होती. नी कोरा. वरच्या सप्तकात परत तसंच. पाच लाल, दोन कोरे.

पोराने उगाच बडवलं असतं तर सगळ्या पट्ट्या लाल झाल्या असत्या. धूळ पुसताना लागलं असतं तर रांगेत लागलं असतं. म आणि नी नेमके चुकवून कोण जातं, तर भूप राग वाजवणारं माणूस. पेटी शिकणाऱ्याला पहिल्यांदा तोच शिकवतात आणि निम्मी भजनं त्याच्यातच असतात. कोणीतरी ह्या कीबोर्डवर दोन हिवाळे भूप वाजवत होतं, मिरची खुडता खुडता उठून.

"आप्पा," मी विचारलं, "अडॅप्टर कुठे असतो?"

"मन्हा कपाटमा. कुलुपबंद. तुम्हीच सांगं व्हतं, कोनाना हात लागू देऊ नका."

"किल्ली?"

त्यांनी करदोट्याला लटकवलेली किल्ली दाखवली, अभिमानाने.

मी जरा वेळ नुसता कापूस पिळत बसलो. माणसाने थापा माराव्यात, मी मारतो, आमच्या धंद्यात त्या स्क्रू-पान्यासारख्या लागतात. पण आपली थाप कपाटात जाऊन कुलूप लावून बसेल, असं कधी वाटत नाही. नागाचा मणी म्हणे. त्या थापेपायी एक बाई दोन वर्षं मुक्या फळीवर बोटं चालवत होती. सूर फक्त तिच्या डोक्यात. आणि आता तीही फळी जाऊन घरात लुकलुकणारा स्पीकर येणार होता, ज्यात आप्पा सकाळी भक्तिगीतं लावणार, म्हसावदपासून काठी गावापर्यंत सगळ्यांना ऐकू जातील अशी.

"वहिनी, माहेर कुठलं?" मी विचारलं.

"प्रकाशा."

"घरी पेटी होती?"

"बाबानी व्हती. भजनले वाजाडेत."

"तिले काय इचारतस?" आप्पा म्हणाले. "सौदा मन्हासंगे शे. स्पीकरनं काय ते बोला."

स्पीकरचं काय ते मी बोललोच नाही. अकरा पट्ट्या पुसल्या, रबर धुऊन पंख्याखाली वाळवलं, सगळं परत बसवलं, तीस स्क्रू लावले. म्हणजे अठ्ठावीस लावले. दोन नेहमी उरतात, ते कुठले ते मला अजून कळलेलं नाही. मग माझा अडॅप्टर लावला. छोटा हिरवा दिवा लागला. कमलबाईंनी त्या दिव्याकडे असं बघितलं, जसं मी त्या ताकाच्या ग्लासकडे बघितलं होतं.

"आता एकसष्ट पट्ट्या तपासायला पाहिजेत," मी म्हणालो. "माझ्या बोटांना स्पिरिट आहे, आणि जीभ भाजल्यामुळे मला ऐकूही कमी येतंय. वहिनी, तुम्ही दाबून बघा."

"तिले काय समजस?" आप्पा म्हणाले.

"समजायचं काय त्यात? दाबायचंच तर आहे. तुमचं बोट जाड, दोन दोन दाबली जातात."

हे त्यांना पटलं. स्वतःच्या बोटाच्या जाडीचा आमच्या लोकांना अभिमान असतो.

कमलबाई पुढे आल्या. उजवा हात पदराला पुसला. पहिली पट्टी दाबली आणि हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. सूर निघाला होता. मुक्या पट्टीवर बसलेला हात जड पडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या पट्टी दाबत नव्हत्या, ठोकत होत्या. बरं झालं, हा कीबोर्ड स्वस्तातला. हळू दाबा की जोरात, त्याला एकच आवाज येतो. आमच्या जावयासारखा आहे.

मग त्यांनी दुसऱ्यांदा हात ठेवला, आणि डावा हात आपोआप कीबोर्डच्या मागे गेला. मागच्या कडेला तळहात टेकला आणि मागे-पुढे, मागे-पुढे करायला लागला. भाता. पेटीचा भाता त्या मारत होत्या, जो ह्या जपानी डब्याला नव्हता आणि कधी नसणार. तो चकचकीत तुकडा मांजराचा नव्हता.

एक भजन वाजलं. मोठं नव्हतं, ध्रुवपद आणि दोन कडवी. एका जागी बोट अडखळलं, त्यांनी तिथूनच परत उचललं. वर्गात फळ्यावर चुकलेली ओळ पुसून मूल परत लिहितं, तसं. पुढच्या खोलीतली खटखट थांबली होती. शिलाईवाला दारात येऊन उभा होता. ताकाबद्दल भांडायला आला असणार, पण भांडला नाही.

भजन संपलं. आप्पा उठले, कीबोर्डवर वाकले, बटणांची ओळ बारीक नजरेने तपासली, मग खाली वाकून टेबलाखालीही बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आपोआप वाजाडानं बटन तुम्ही दाबं ना?"

कमलबाईंचा हात अजून पट्टीवर होता. त्यांनी सा दाबला, सा वाजला. हात उचलला, थांबला. परत दाबला, वाजला. उचलला, थांबला. आप्पांच्या तोंडाकडे न बघता. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी आप्पा स्टुलावर बसले.

"बाबांनी शिकाडं," त्या म्हणाल्या. पट्टीलाच सांगितल्यासारखं.

आप्पांनी शिलाईवाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, करदोट्याची किल्ली चाचपली. तुम्हाला वाटेल, आता हा माणूस विरघळेल. तुम्ही म्हसावद पाहिलेलं नाही. "सुरतना पाव्हणा परत येवाव शे," ते एकदम म्हणाले. "तवय वाजाडजो. बोबडं पोर म्हणस काय. दाखाडूत त्याले." त्यांच्या अंगात पाच मिनिटांत मालकी परत आली. घरात वाजवणारं माणूस सापडलं म्हणजे त्यांच्या लेखी पपईचा दर वाढला. स्पीकरकडे त्यांनी परत वळून पाहिलं नाही, एवढं मात्र खरं. किल्ली काढून त्यांनी ती कमलबाईंच्या समोर टेबलावर ठेवली. "अडॅप्टर तुन्हाजवळ ठेव," म्हणाले, "पाव्हणा उना का शोधापाशोध नको."

आणि मी? मी फुगलो होतो. सव्वीस वर्षं पिंजऱ्यात बसून, वराती अंगावर घेऊन, कान घालवून एकदा तरी संगीताची सेवा झाली, असं मला वाटत होतं. माझ्या छातीने शर्टाचं बटण तुटलं असतं, पण ते आधीच तुटलेलं होतं. मी कीबोर्ड फडक्याने पुसला, गोधडीत गुंडाळला, दोन्ही हातांनी कमलबाईंसमोर धरला आणि एक छोटं भाषणही केलं. म्हणालो, "वहिनी, दुरुस्तीचं काही घ्यायचं नाही. हा आता तुमचा. दोन वर्षं मुका वाजवलात, आता बोलता वाजवा. आयुष्यात मी हजार कीबोर्ड विकले असतील, पण खऱ्या माणसाच्या घरी गेला तो हा एकच." आणि डोळे जरा ओले करून थांबलो. दुकानदारीत ते मला जमतं.

कमलबाईंनी गोधडीला हात लावला नाही. मागच्या मांडणीवर तीन कीबोर्ड उभे होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या.

"आवाज पत्राना डबासारखा शे," त्या म्हणाल्या. "दुसरी दाखाडा."